वेल्समधील कवितेची खुर्ची
(वर्धापनदिनानिमित्त मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तर वर्धापनदिनाला चार शब्द बोला." त्या क्षणी माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. घरात बोलायला मी कमी नाही, हे शेजारणी सांगतीलच; पण व्यासपीठ म्हटले की हातपाय गार पडतात. तरी एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घोळते आहे. ती तुमच्यापुढे मांडावी आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणे मागावे, म्हणून धीर करून उभी आहे.

२०१८ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी कार्डिफला गेले होते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. आपण सगळ्यालाच विलायत म्हणून मोकळ्या होतो. पण वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख, त्याचे लोक निराळे आणि भाषाही निराळी. ती ऐकताना इंग्रजीचा भासही होत नाही. बहिणीच्या शेजारी एक आजीबाई राहत. त्या घरात वेल्शच बोलत. माझे इंग्रजी मोडके, म्हणून मी गप्पच बसे. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, इंग्रजी ही माझीसुद्धा दुसरीच भाषा. चुकली तर चुकली, लाजतेस कशाला?" त्या दिवसापासून आमचे जमले. त्या सावकाश बोलत, मी निम्मे समजून घेई आणि उरलेले रात्री बाळाला मांडीवर घेऊन बहिणीकडून ऐके.

ऑगस्ट महिना लागला आणि आजीबाई म्हणाल्या, "चल, तुला आमची जत्रा दाखवते." त्या जत्रेचे नाव आयस्टेदवॉड. वेल्शमध्ये 'आयस्टेद' म्हणजे बसणे. आपण 'बैठक' म्हणतो ना, गाण्याची बैठक, भजनाची बैठक, तसाच हा शब्द. कवी, गवई आणि वादक यांनी एकत्र बसायचे, आपापली कला दाखवायची आणि सर्वांत सरस कोण ते ठरवायचे. दरसाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ही मोठी राष्ट्रीय जत्रा भरते, एक वर्ष उत्तरेत तर एक वर्ष दक्षिणेत. लोक येतात दीड लाखाच्या आसपास. एरवी गावाबाहेरच्या मैदानात मोठा मंडप घालतात; त्या वर्षी मात्र ती कार्डिफच्या बंदरावरच भरली होती. कुंपण नव्हते आणि मैदानात फिरायला तिकीटही नव्हते. कुठे पोरांचे समूहगान, कुठे वीणेसारखे त्यांचे हार्प वाद्य, कुठे पुस्तकांची दुकाने. आणि सगळीकडे बोलणे वेल्श. स्पर्धेत मंचावर गायचे, म्हणायचे, लिहायचे ते वेल्शमध्येच, असा तिथला नियम आहे. ज्यांना ती भाषा येत नाही, त्यांच्या कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकवतात. पण भाषा बदलत नाहीत.

ही चाल आजकालची नव्हे. ११७६ साली ऱ्हीस नावाच्या वेल्श राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात नाताळात मोठी सभा भरवली. वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड इथे दवंडी पिटवली. स्पर्धा दोन, एक कवींची आणि एक वादकांची. आणि प्रत्येकीच्या विजेत्याला खुर्ची. राजाच्या सभेत बसायला जागा मिळणे हाच मोठा मान. आजही मुख्य कवीचे बक्षीस खुर्चीच असते. दरसाल नवी घडवतात आणि विजेता ती आपल्या घरी नेतो.

पुढे चढउतार झाले. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या काळात, १५६७ साली, कॅरविस या गावच्या सभेसाठी फर्मान निघाले, की खऱ्या कवींना परवाना द्या आणि कवी म्हणवून नुसते हिंडणाऱ्यांना कामाला लावा. मग राजाश्रय गेला, आणि अठराव्या शतकात चार कवी खानावळीत जमले तरी तीच आयस्टेदवॉड म्हणायची पाळी आली. तेव्हा योलो मोर्गानुग नावाचा एक पाथरवट निघाला. पाथरवट, पण कविताही करायचा. त्याने १७९२ साली लंडनच्या एका टेकडीवर दगड मांडून कवींच्या दरबाराचा विधी केला आणि सांगितले, की हा आमच्या पूर्वजांचा हजारो वर्षांचा विधी आहे. १८१९ साली तो विधी आयस्टेदवॉडला जोडला गेला. नंतर विद्वानांनी शोधून काढले, की यातले पुष्कळसे त्याने स्वतःच रचले होते. मला हसू आले. पण आजीबाई म्हणाल्या, "त्याने सांगितले तेव्हा खोटे होते, दोनशे वर्षे आम्ही केले, आता ते खरे झाले."

पण ही गोष्ट सगळीच हसण्याची नाही. १८४७ साली सरकारने वेल्समधल्या शाळांची चौकशी केली. चौकशीला आलेल्या तिन्ही अधिकाऱ्यांना वेल्श येत नव्हते. त्यांनी लिहिले, की ही भाषाच लोकांच्या प्रगतीच्या आड येते; आणि वर वेल्श बायकांच्या शीलाबद्दलही वाईटसाईट लिहिले. त्या अहवालाची बांधणी निळी होती, म्हणून वेल्श लोक त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. त्या शतकात कित्येक शाळांतून आणखी एक चाल होती. जे मूल वेल्श बोलताना सापडेल, त्याच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायची. दुसरे कुणी बोलताना सापडले, की पट्टी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जिच्या गळ्यात ती राही, त्या मुलाला मार. म्हणजे लेकरांनीच लेकरांवर पाळत ठेवायची! आईच्या भाषेसाठी गळ्यात पट्टी! हे ऐकले तेव्हा माझ्या मांडीवर बहिणीचे बाळ होते. आपले हे बाळ कुठल्या भाषेत बोलेल, या विचाराने मला गलबलून आले.

मी आजीबाईंना विचारले, "तुम्ही कधी भाग घेतला होता का?" त्या म्हणाल्या, लहानपणी गावच्या छोट्या आयस्टेदवॉडमध्ये एक कविता म्हटली, मध्येच विसरले, तरी बक्षीस मिळाले. बक्षीस म्हणजे रिबिनीची छोटी पिशवी, आत एक नाणे, आणि ती गळ्यात घालायची. बघा मैत्रिणींनो, ज्या भाषेसाठी मुलांच्या गळ्यात शिक्षेची पट्टी पडत होती, त्याच भाषेसाठी गावाने गळ्यात बक्षिसाची पिशवी घातली. त्या लोकांनी निळ्या पुस्तकांना भांडून उत्तर दिले असेल, नसेल. पण गाऊन दिले, हे नक्की. १८६१ साली ॲबरडेअर या गावी पहिली राष्ट्रीय आयस्टेदवॉड भरली. १९४० साली महायुद्धामुळे मंडप घालता आला नाही, तर रेडिओवरून भरवली. पण खंड पडू दिला नाही. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे शंभरात अठराही नाहीत. एवढ्याशा लोकांची ही जत्रा.

आता स्पर्धेची रीत सांगते, कारण माझे मागणे तिच्यातच आहे.

मोठी बक्षिसे मुख्यतः तीन. मुक्त वळणाच्या कवितेला मुकुट, गद्य लिखाणाला पदक, आणि जुन्या काटेकोर छंदातल्या कवितेला खुर्ची. या छंदाची गंमत अशी, की एका ओळीचे दोन भाग पाडायचे आणि पहिल्या भागात जी व्यंजने ज्या क्रमाने आली, ती त्याच क्रमाने दुसऱ्या भागात आणायची. हे मला काही केल्या कळेना, म्हणून मी मराठीत करून पाहिले. दोन दिवस डोके खाजवल्यावर एवढे जमले: 'वेळ सरे, वाळू सारी.' व, ळ, स, र. पुन्हा व, ळ, स, र. एवढ्यात बाळाचे दूध उतू गेले! ते लोक अशा शेकडो ओळी रचतात, आणि अर्थही सुटू देत नाहीत.

कविता पाठवायची ती टोपणनावाने. खरे नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षक तिघे. लिहिणारा प्राध्यापक आहे की मेंढपाळ, म्हातारा की तरुण, पुरुष की बाई, त्यांना काही ठाऊक नसते. निकालाच्या दिवशी कवींचे दरबारी पांढरे, निळे, हिरवे झगे घालून व्यासपीठावर येतात. एक परीक्षक कवितांचे गुणदोष सांगतो आणि शेवटी म्हणतो, अमुक टोपणनावाची कविता सर्वांत सरस. मग तुतारी वाजते. दिवे मालवतात आणि एक झोत हजारो माणसांवरून फिरू लागतो. त्या नावाच्या माणसाने, आणि फक्त त्यानेच, उठून उभे राहायचे. विजेत्याला आधी गुपचूप कळवलेले असते. पण ते त्याने पोटात ठेवायचे. त्याला जांभळा झगा घालून वर नेतात, डोक्यावर मोठी तलवार अर्धी उपसून धरतात आणि दरबाराचा प्रमुख तीनदा विचारतो, "शांतता आहे का?" सारी सभा तीनदा ओरडते, "शांतता!" मग तलवार म्यान होते आणि कवी खुर्चीवर बसतो. ती तलवार कधीच पुरती उपसत नाहीत. हा सोहळा मी बहिणीच्या घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यांची वेल्श भाषेची वाहिनी १९८२ पासून निराळी आहे. झोत फिरू लागला तशी माझ्याच छातीत धडधड सुरू झाली.

आणि एका वर्षी तुतारी वाजली, पण कुणीच उभे राहिले नाही. ते साल १९१७.

ट्राउसव्हनिद गावचा एलिस इव्हान्स हा शेतकऱ्याचा मुलगा, अकरा भावंडांत थोरला. मेंढ्या राखायचा आणि कविता करायचा. कवितेपुरते नाव हेद विन, म्हणजे शुभ्र शांती. आसपासच्या सभांतून त्याने लहान खुर्च्या जिंकल्या होत्या. आता राष्ट्रीय खुर्ची मिळावी ही आस. महायुद्धात घरातल्या एकाने तरी जायला हवे होते. धाकट्या भावाच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून हा गेला. छावणीत बसून कविता पुरी केली, फ्रान्सहून टपालाने पाठवली आणि ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममधल्या लढाईत पडला. वय वर्षे तीस. ६ सप्टेंबरला बर्कनहेड इथे निकाल लागला. त्याच्या टोपणनावाचा पुकारा झाला आणि कुणी उठेना. मग सांगण्यात आले, की कवी रणात पडला. लोकांनी ती खुर्ची काळ्या कापडाने झाकली. शांतता आहे का, असे विचारणाऱ्या त्या सभेत शांती नाव घेतलेला मुलगा युद्धात गेलेला! सभेतली माणसे रडली. ती आयस्टेदवॉड 'काळ्या खुर्चीची' म्हणूनच ओळखली जाते.

आमच्याकडे सुतारकाम चालते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मी घरी आल्यावर ही हकीगत सांगितली, तेव्हा ह्यांनी सगळे निमूट ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "खुर्ची कुणी घडवली?" मी बहिणीला फोन करून विचारले. ती घडवणारा होता युजीन व्हानफ्लेटरन, युद्धामुळे घरदार सोडून आलेला बेल्जियमचा कारागीर. ज्या देशात तो मुलगा पडला, त्याच देशातून पळून आलेल्या हातांनी त्याची खुर्ची कोरलेली. ती त्याच्या घरी, 'अर अस्गुर्न' नावाच्या शेतघरात, आईवडिलांकडे गेली. लोक ती बघायला येत. घराचे दार उघडे ठेवीन, असे वचन पुढे त्याच्या पुतण्याने आपल्या आजीला, म्हणजे त्या कवीच्या आईला दिले आणि जन्मभर पाळले. २०१२ साली ते घर तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने विकत घेऊन जपले आहे.

आता आपल्या बायकांचे काय, ते सांगते. या सोहळ्यात गावातली एक गृहिणी पुढे येऊन दरबाराच्या प्रमुखाला शिंगाचा पेला देते, एक तरुण मुलगी फुले देते आणि लहान मुली फुलांचा नाच करतात. दिसायला मोठे गोड. पण मनात आले, देणारी बाई आणि बसणारा पुरुष, हे तिथेही होतेच की!

तरी बायका उठल्याच. क्रॅनोग्वेन या नावाने लिहिणारी सारा जेन रीस ही खलाशाची मुलगी. घरच्यांनी शिवणकाम शिकायला पाठवले, ते तिला मानवेना. बापाबरोबर ती गलबतावर गेली, नौकाशास्त्र शिकली आणि पुढे शाळेत खलाशांना तेच शिकवू लागली. १८६५ साली ॲबरिस्टविथच्या आयस्टेदवॉडमध्ये तिने नामांकित पुरुष कवींना मागे टाकून बक्षीस मिळवले, आणि कवितेचा विषय कोणता, तर लग्नातली अंगठी! १८७९ पासून दहा वर्षे तिने बायकांचे मासिक चालवले. तिच्या गावी २०२३ साली तिचा पुतळा उभारला आहे. पण मुकुट बाईच्या डोक्यावर यायला १९५३ साल उजाडले. डिलिस कॅडवालाडर ही पहिली. आणि खुर्ची? १८६१ पासून मोजले तरी १४० वर्षांनी, २००१ साली, मेरेरिद हॉपवुड ही खुर्चीवर बसणारी पहिली बाई. पुढे तिने मुकुटही मिळवला आणि गद्याचे पदकही. २०१३ साली ख्रिस्टीन जेम्स ही दरबाराची पहिली स्त्री-प्रमुख झाली, आणि २०२४ साली तो मान मेरेरिदबाईंकडे आला. मी गेले त्या वर्षीचा मुकुटही एका तरुणीलाच मिळाला, कात्रिन डाविद तिचे नाव. झोतात ती उठून उभी राहिली, तेव्हा आजीबाईंनी माझा हात घट्ट धरला.

टोपणनावाची रीत असूनही इतकी वर्षे लागली, असे कुणी म्हणेल. खरे आहे. रीत चांगली असली तरी बाईला आधी लिहायला सवड आणि धीर लागतो. पण एकदा तिने लिहिले, की पाकीट तिला अडवत नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, आजवर कुणाला सांगितली नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी ओव्या लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणच्या स्पर्धेत त्या पाठवल्या होत्या. अर्जात शिक्षणाचा रकाना होता. मी खरे ते लिहिले, 'सातवी'. अर्ज बाहेर आणि ओव्यांचे पाकीट आत, मीच खळीने चिकटवलेले. निकालानंतर ते परत आले. पाकीट फोडलेलेसुद्धा नव्हते. ओव्या वाईट आहेत असे कुणी म्हटले असते, तर मी सुधारल्या असत्या. पण न वाचता परत आलेल्या पाकिटाला काय उत्तर देणार? त्यानंतर मी कुठे काही दिले नाही. कार्डिफमध्ये तो झोत फिरताना मला ते पाकीट आठवले. मनात आले, इथे आधी कविता वाचतात आणि मग पाकीट फोडतात. आमच्याकडे आधी रकाना वाचला.

म्हणून माझे मागणे असे. पुढल्या वर्धापनदिनाला आपल्या मंडळाने अशीच एक स्पर्धा भरवावी. ओवी, अभंग, पाळणा, उखाणा, जे जिला येईल ते. वर टोपणनाव, खरे नाव बंद पाकिटात. शिक्षणाचा रकाना नको आणि वयाचाही नको. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून शाळेतल्या मुलींकडून उतरवून घ्यावे. जिला लिहिता येत नाही, तिने सांगावे आणि मुलीने लिहावे. परीक्षक बाहेरगावचे असावेत आणि त्यांनी प्रत्येक रचनेबद्दल दोन शब्द बोलावे, चांगले तसेच वाईटही. आणि एकही रचना योग्यतेची नसेल, तर बक्षीस देऊ नये. वेल्समध्ये २०१३ साली खुर्चीला कुणीच पात्र ठरले नाही, तर ती तशीच रिकामी ठेवली. त्यानेच त्या खुर्चीची किंमत राहते.

खुर्ची कुठून आणायची, याची काळजी करू नका. आपल्याकडे पाट आहे. लेकीला, जावयाला, देवालाही आपण पाटावर बसवतो. आमच्या ह्यांनी कबूल केले आहे, की दरसाल एक नवा सागवानी पाट घडवून मंडळाला देईन. भोवती रांगोळी काढू, जिचे नाव पाकिटातून निघेल तिला बसवू आणि ओवाळू. आणि तलवारीऐवजी आपल्या अध्यक्षबाईंनी तीनदा विचारावे, "वाचली का?" आपण सगळ्यांनी तीनदा म्हणावे, "वाचली!"

त्या पाकिटांत माझे एक असेल की नाही, हे मात्र विचारू नका. ते पोटात ठेवायचे असते.